तांबूने सासूबाईंच्या ‘डी’च्या कॅप्सूल खाल्ल्या (नेरुळ)

सई_नेरुळ (धागाकर्ती)
शनिवार, रात्री ११:५०

नमस्कार. मी इथे बहुतेक वाचनमात्र असते. आज लिहितेय कारण झोप लागत नाहीये आणि घरात कुत्रा-मांजर असलेल्या कुणाच्या तरी हे आत्ता कामी येईल.

आमची तांबू. देशी, सहा वर्षांची, वजन १५ किलो. सीवूड्स स्टेशनजवळ पावसात भिजत बसलेलं पिल्लू होतं ते. लसी सोडल्या तर तिने कधी दवाखान्याची पायरी चढलेली नाही. आत्ता ती वाशीच्या एका दवाखान्यात सलाईनवर आहे.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. रक्तात व्हिटॅमिन ‘डी’ कमी निघालं म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची कॅप्सूल लिहून दिली. आठची पट्टी. दोन घेऊन झाल्या होत्या, सहा उरल्या होत्या. पट्टी देवघराखालच्या फळीवर असायची, म्हणजे सोमवारची पूजा झाली की घ्यायची आठवण राहते. मंगळवारी सकाळी केर काढताना सोफ्याखाली चावून चोथा झालेली पट्टी मिळाली. सहाच्या सहा गायब. मऊ आवरण आणि आत तेल, तिला ते खाऊच वाटलं असणार.

लगेच नेहमीच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर नव्हते. फोन घेणाऱ्याने सांगितलं, “व्हिटॅमिन आहे ना, मग काही होत नाही. फार तर जुलाब होतील.” खरं सांगते, आम्हालाही तेच ऐकायचं होतं. मंगळवारी ती दिवसभर ठणठणीत होती. संध्याकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेला नेहमीसारखी दोन फेऱ्या मारून आली.

बुधवारी दुपारी उलटी. रात्री दूध-पोळीला तोंड लावलं नाही. गुरुवारी पाण्याचं भांडं मी पाच वेळा भरलं, आणि जिने सहा वर्षांत घरात कधी शू केली नाही तिने तीनदा केली. केल्यावर कोपऱ्यात जाऊन तोंड भिंतीकडे करून बसली. संध्याकाळी नेलं तर पावसाळा आहे म्हणून लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या संसर्गाची) शंका आली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं होतंच, त्यामुळे शंका पक्की झाली आणि अँटिबायोटिक सुरू झालं. पट्टीचं मी फोनवर सांगितलं होतं, पण समोर गेल्यावर सांगायचं राहून गेलं. तोवर माझ्या डोक्यातून तो विषय संपलेला होता.

शुक्रवारी तिला उठवेना. नवऱ्याने वाशीला नेलं. निघताना त्याने ती चावलेली पट्टी कचऱ्यातून काढून खिशात टाकली होती. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, “कॅल्शियम कुणी काढलं का?” कुणीच काढलं नव्हतं. कॅल्शियम १५.८, फॉस्फरस ९.१, क्रिएटिनिन २.६, तिन्ही वाढलेले.

डॉक्टर म्हणतात पुढचे तीन दिवस महत्त्वाचे. सासूबाई तेव्हापासून जेवलेल्या नाहीत. कुणाला या विषाबद्दल माहिती असेल तर सांगा. कुणावर ही वेळ आली असेल तर अनुभवही लिहा.

---

मनीमाऊ_वर्तकनगर
रविवार, सकाळी ७:१०

सई, वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे आईची अशीच पाकिटं फ्रिजवर बशीत ठेवलेली असतात आणि माझी दोन्ही मांजरं फ्रिजवर झोपतात. आत्ता उठून ती बशी कपाटात टाकली आणि मग लिहायला बसले. तांबूची खबर देत राहा.

---

गोठा_ते_गॅलरी
रविवार, सकाळी ९:२५

मी पशुवैद्य आहे. परळच्या कॉलेजात शिकलो, कळव्यात बसतो. तांबूला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे लिहिणार नाही. तिचे डॉक्टर योग्य मार्गावर आहेत. पण हे का घडलं ते सांगतो, कारण ‘व्हिटॅमिन आहे, काही होत नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

व्हिटॅमिन सी किंवा बी जास्त झालं तर शरीर ते बहुतेक लघवीवाटे टाकून देतं. डी तसं नाही. ते चरबीत विरघळतं आणि चरबीत साठतं. पोटातून ते यकृतात जातं, तिथे त्याचं एक रूप बनतं, मग मूत्रपिंडात दुसरं, सर्वांत जोरकस रूप. मूत्रपिंडाच्या पायरीवर शरीराचा पहारा असतो. यकृताच्या पायरीवर तो जवळजवळ नाहीच. म्हणजे जितकं डी गिळलं, तितकं यकृत रूपांतरित करून रक्तात सोडत राहतं. हे रूप इतकं वाढतं की मूत्रपिंडाच्या पायरीवाचूनच पुढचं काम करू लागतं. आतडी अन्नातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस ओढून घेतात, हाडांतलं कॅल्शियम सुटून रक्तात येतं, आणि मूत्रपिंड जे टाकायचं तेही परत घेतं.

या सगळ्याला वेळ लागतो. फॉस्फरस साधारण बारा तासांत चढू लागतो, कॅल्शियम एक ते तीन दिवसांत. तांबू मंगळवारी बागेत फिरत होती ते याचमुळे. आणि नेमके तेच तास हातात असतात. पहिल्या काही तासांत दवाखान्यात उलटी करवता येते. नंतर सक्रिय कोळसा पुन्हा पुन्हा देता येतो. पुन्हा पुन्हा अशासाठी की हे द्रव्य पित्तावाटे आतड्यात उतरतं आणि तिथून परत रक्तात शोषलं जातं. दर फेरीला थोडं थोडं कोळशाने अडवायचं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. त्याने रक्तातलं सोडियम वाढून जनावर दगावू शकतं.

पाणी पिणं आणि शू का वाढली, तर कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवण्याचा जो संदेश मिळतो तो ऐकूच येत नाही. पाणी निसटत राहतं, म्हणून तहान. बऱ्याच जनावरांत उलटीनंतरची ही पुढची खूण असते.

खरा धोका वेगळाच आहे. कॅल्शियमचा आकडा गुणिले फॉस्फरसचा आकडा. हा गुणाकार साठच्या वर गेला की मऊ अवयवांत चुना धरायची भीती असते. मूत्रपिंड, हृदय, रक्तवाहिन्या, जठराचं अस्तर, फुफ्फुसं. तांबूचा गुणाकार जवळजवळ १४४ येतो. एकदा मूत्रपिंडात चुना बसला की तो पूर्ण निघत नाही, म्हणून सगळी धावपळ तो बसण्याआधी. घाबरवायला नाही लिहीत. तुमच्या डॉक्टरांना इतकी घाई का आहे ते कळावं म्हणून लिहितोय.

लेप्टोबद्दल. जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-नवी मुंबईत उलटी आणि वाढलेलं क्रिएटिनिन घेऊन कुत्रा आला तर माझ्याही मनात आधी लेप्टोच येतो. त्या डॉक्टरांना दोष देता येणार नाही. पण ‘किडनीची तपासणी’ म्हणून जी साधी तपासणी होते तिच्यात पुष्कळदा कॅल्शियम नसतं. ते वेगळं मागावं लागतं.

---

सई_नेरुळ
रविवार, दुपारी १:४०

डॉक्टर, मनापासून आभार. काल कुणी नीट समजावलं नव्हतं असं नाही, आम्हालाच काही ऐकू येत नव्हतं.

आज सकाळचं कॅल्शियम १४.९. डोळे उघडून बघितलं, शेपटी दोनदा आपटली. तिला साधं सलाईन चालू आहे. काल रात्री एक नवीन मुलगा ड्युटीवर होता. तो नेहमीची दुसरी बाटली लावणार होता, डॉक्टरांनी अगदी ओरडून थांबवलं. काय फरक असतो? आणि कॅन्सरच्या माणसांना देतात ते एक इंजेक्शन आणायला सांगितलंय. ते ऐकून सासूबाई आणखी घाबरल्या.

---

गोठा_ते_गॅलरी
रविवार, दुपारी ३:०५

ती दुसरी बाटली बहुतेक रिंगर लॅक्टेटची असेल. इतर वेळी आम्ही तीच सर्रास लावतो, पण तिच्यात कॅल्शियम असतं. इथे ०.९ टक्के मिठाचं साधं सलाईनच हवं, कारण सोडियम बाहेर जाताना कॅल्शियमला सोबत घेऊन जातं. जोडीला फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध देतात तेही त्यासाठीच. थायझाइड जातीची लघवीची औषधं मात्र कॅल्शियम धरून ठेवतात, ती नकोत.

ते इंजेक्शन पॅमिड्रोनेट असावं. माणसांत कॅन्सर हाडांत पसरला की कॅल्शियम वाढतं, तेव्हा देतात. हाडांतून कॅल्शियम सुटणं ते रोखतं. सावकाश, सलाईनमधून सोडतात आणि परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात. सासूबाईंना सांगा, तांबूला कॅन्सर नाही. फक्त औषध कॅन्सरच्या औषधांच्या दुकानात मिळतं.

दूध-पोळी बंद. दूध, दही, पनीर, चीज, हाडं, अंड्याचं कवच, कॅल्शियमचं सिरप, सगळं बंद. खायला लागली की भात आणि हाड काढलेलं उकडलेलं चिकन.

---

औषधांचं_दुकान
रविवार, संध्याकाळी ६:१५

माझं ठाण्यात नौपाड्यात मेडिकल आहे, तीस वर्षं झाली. धागा वाचून आज दुकानातला डीचा कप्पा नव्या नजरेने पाहिला.

लोकांच्या लक्षात येत नाही की ‘डी थ्री’ या एकाच नावाखाली किती वेगवेगळ्या ताकदीचा माल असतो. बाळांचे थेंब ४०० किंवा ८०० युनिट एका मिलिलिटरला. रोजची कॅल्शियमची गोळी, तिच्यात डी २५० किंवा ५००. आणि मग एकदम ६०,०००. ग्रॅमभर दाण्यांचं दुधात टाकायचं पाकीट, मऊ कॅप्सूल, नाहीतर सरबतासारखी ५ मिलिलिटरची बाटली. इंजेक्शन तर ६ लाखांचंही येतं. २५० युनिटच्या कॅल्शियम गोळ्यांची पंधराची अख्खी पट्टी घेतली तरी त्यात डी ३,७५० युनिट. अशा सोळा पट्ट्या म्हणजे एक पाकीट.

माणसांतही गोंधळ होतोच. आठवड्याची गोळी रोज घेणारे काका मी स्वतः थांबवलेत. आता गिऱ्हाइकाला विचारायला सुरुवात करणार आहे, घरात कुत्रा-मांजर आहे का. आजपासूनच.

---

लॅबवाला_घोडबंदर
रविवार, रात्री ८:३०

कृपया राग मानू नका, पण थोडी जास्त भीती पसरतेय असं वाटतं. आमच्या लॅब्रेडॉरने, वजन ३२ किलो, गेल्या वर्षी असंच एक पाकीट फाडून चाटलं होतं. काहीच झालं नाही. आम्ही डॉक्टरांकडेही गेलो नव्हतो.

---

गोठा_ते_गॅलरी
रविवार, रात्री ९:५०

तुमचा अनुभव खरा आहे आणि सईताईंचाही. दोन्हींत फरक वजनाचा आणि संख्येचा.

४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. म्हणून ६०,००० युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. कुत्र्याने किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे ४,००० युनिटपेक्षा जास्त खाल्लं असेल तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. किलोमागे ०.५ मिलिग्रॅमच्या, म्हणजे २०,००० युनिटच्या आसपास लक्षणं दिसतील असं धरून चालायचं.

आता तुमच्या लॅबचा हिशेब. ६०,००० भागिले ३२, म्हणजे किलोमागे १,८७५. ४,०००च्या रेषेच्या खाली. तांबूने सहा खाल्ल्या, ३,६०,००० भागिले १५, किलोमागे २४,०००. रेषेच्या खूप वर. आणि वर्तकनगरच्या ताईंच्या मांजराचं वजन तीन किलो धरलं, तर एकच पाकीट किलोमागे २०,००० होतं. त्यात मांजर कुत्र्यापेक्षा जास्त नाजूक असू शकतं असं आम्ही मानतो, त्यामुळे मांजराच्या बाबतीत मी आकडेमोड करत बसत नाही, बोलावून घेतो.

पुढच्या वेळी पाकीट फुटलं तर एवढा एक भागाकार करा. किती युनिट, भागिले किती किलो. फोनवर डॉक्टरांना हे दोन आकडे सांगितले तर कुणीही “काही होत नाही” म्हणणार नाही.

---

लॅबवाला_घोडबंदर
रविवार, रात्री १०:०५

समजलं. धन्यवाद डॉक्टर. सईताई, माझं लिहिणं या वेळी बरोबर नव्हतं. तांबू लवकर घरी येवो.

---

पाचपाखाडीकर
सोमवार, सकाळी १०:२०

मी हे कधी कुठे लिहिलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना सोरायसिस होता. कोपरांना लावायला एक मलम होतं. आमची चेरी, पॉमेरेनियन, साडेचार किलो. तिला बाबांचे हात चाटायची सवय. बाबांना ते आवडायचं. एक दिवस तिने उशीखालची ट्यूब काढून चावली, अर्धी अधिक रिकामी. मलमच तर आहे म्हणून आम्ही तोंड पुसलं, पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी उलट्यांत रक्त. तिसऱ्या दिवशी चेरी गेली. नंतर एका डॉक्टरांनी ट्यूबवरचं नाव वाचून सांगितलं की त्यात डीचंच एक रूप असतं. बाबा आज नाहीत, पण जाईपर्यंत त्यांनी पुन्हा कुत्रा आणू दिला नाही.

सईताई, तुम्ही पट्टी घेऊन पोचलात. तुमची तांबू वाचेल.

---

गोठा_ते_गॅलरी
सोमवार, दुपारी २:३०

पाचपाखाडीकर, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. हे वेगळं सांगायलाच हवं होतं, माझ्याकडून राहिलं.

त्या मलमातलं द्रव्य म्हणजे कॅल्सिपोट्रिऑल. एका ग्रॅममध्ये ५० मायक्रोग्रॅम. आकडा फार छोटा वाटतो. पण हे आधीच तयार, जोरकस रूप आहे. त्याला यकृत-मूत्रपिंडाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. कुत्र्यांत किलोमागे १० मायक्रोग्रॅमलाही त्रास झालेला आहे. ३० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये दीड हजार मायक्रोग्रॅम असतात. चेरीचं वजन साडेचार किलो होतं. घरात कुणालाही सोरायसिसचं मलम असेल तर ट्यूब बंद कपाटात ठेवा, आणि लावलेला भाग कुत्र्या-मांजराला चाटू देऊ नका.

---

सानपाडा_सायली
सोमवार, दुपारी ४:१०

एक भाबडा प्रश्न. डी उन्हातून मिळतं ना? मग तांबू घरी आली की तिला उन्हात न्यायचं नाही का? आणि उलट, आमच्या पिल्लाला ब्रीडरने रोज उन्हात बसवा आणि वर डीचे थेंब द्या असं सांगितलंय.

---

गोठा_ते_गॅलरी
सोमवार, रात्री ९:१५

भाबडा अजिबात नाही. माणसाच्या कातडीत उन्हाने डी तयार होतं. कुत्र्या-मांजराच्या कातडीत ते पुरेसं होत नाही. ज्या कच्च्या द्रव्यापासून ते बनायचं, तेच त्यांची कातडी झपाट्याने मोडून टाकते. त्यांना डी मिळतं ते अन्नातून. म्हणून तांबूने गॅलरीत ऊन खाल्लं तर काही बिघडत नाही, आणि पिल्लाला उन्हात बसवून डी वाढत नाही.

पिल्लाचं म्हणाल तर, चांगलं पिल्लांचं तयार खाद्य देत असाल तर त्यात हिशेबाने घातलेलं असतं. अमेरिकेतलं प्रमाण कुत्र्यांच्या कोरड्या खाद्याला किलोमागे किमान ५०० आणि कमाल ३,००० युनिट असं आहे. त्यावर थेंब, त्यावर कॅल्शियमचं सिरप, त्यावर कॉड लिव्हर तेल, असे तीन हात एकाच ताटात वाढतात. मोठ्या जातीच्या पिल्लांत जास्त डीने हाडांची वाढच बिघडते, पाय वाकतात. आणि लोक काय करतात, पाय वाकला म्हणून डोस आणखी वाढवतात. थेंब बंद करा आणि आधी तुमच्या डॉक्टरांना खाद्याचं पाकीट दाखवा.

खाद्यातच घोळ होऊ शकतो हेही खरं आहे. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला कुत्र्यांचे डबे बाजारातून परत घ्यावे लागले. पुरवठादाराकडून आलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणातच डी जास्त पडलं होतं. रोज तेच खाणारे कुत्रे आजारी पडले.

---

घणसोली_गावठाण
मंगळवार, सकाळी ८:००

आमच्याकडे अकरा शेळ्या आहेत. दोन वर्षांपूर्वी एक माणूस यायचा, दर पंधरा दिवसांनी ‘ताकदीचं’ म्हणून ए-डी-थ्री-ई या व्हिटॅमिनांचं इंजेक्शन टोचून जायचा. गाभण शेळ्यांनाही. दोन शेळ्या हळूहळू ताठ चालायला लागल्या, चारा सोडला, वाळत गेल्या. एक मेली. तेव्हा कुणी हे बोललं नाही. हे तेच असू शकेल का?

---

गोठा_ते_गॅलरी
मंगळवार, दुपारी १२:५०

असू शकेल. रक्त तपासल्याशिवाय किंवा मेलेल्या शेळीचं शवविच्छेदन केल्याशिवाय ठामपणे म्हणता येणार नाही. शेळ्या वाळण्याची कारणं खूप आहेत, जंतही त्यात आले. पण दर पंधरा दिवसांनी ते इंजेक्शन देणं चूकच होतं. डी साठत जातं, पहिलं निघायच्या आत दुसरं पडतं. रवंथ करणाऱ्या जनावरांत ताठ चाल, पाठ वाकवणं, खाणं सोडून खंगणं ही या विषाची चित्रं आहेतच. गाईंत तर पूर्वी दुग्धज्वर (व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून होणारा आजार) होऊ नये म्हणून विण्याआधी डीचे एक कोटी युनिटचे डोस देत. दिवसांचा अंदाज चुकून डोस पुन्हा द्यावा लागला की गाभण गाईच्या रक्तवाहिन्यांत चुना धरायचा.

घोड्यांतही होतं, सशांतही. सशाचं आतडं मुळातच डीची फारशी वाट न पाहता कॅल्शियम ओढून घेतं, त्यामुळे त्याला वरून काही द्यायचंच नाही.

---

कुंडीतली_बाग
मंगळवार, दुपारी ३:२०

थोडं वेगळं, पण शेळ्यांवरून आठवलं. ‘दिन का राजा’ नावाचं झुडूप सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात. रातराणीचं भावंड, पांढरी फुलं, दिवसा वास येतो, मग काळी-जांभळी फळं धरतात. त्याच्या पानांत डीचं तयार जोरकस रूपच असतं. अमेरिकेत फ्लोरिडाला ते खाऊन गाई-घोड्यांच्या अंगात चुना धरलेला आहे. अर्जेंटिनात असाच एक धोतऱ्या-वांग्याच्या कुळातला भाई आहे, आणि आल्प्सच्या कुरणांत एक साधं पिवळसर गवत.

आमच्या सोसायटीची छाटणी झाली की माळी फांद्या बाहेर टाकतो आणि मोकळ्या गाई-शेळ्या खातात. या आठवड्यात कमिटीला सांगून त्या फांद्या वेगळ्या पोत्यात भरायला लावते.

---

घणसोली_गावठाण
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

झाडाचा फोटो शोधून बघितला. आमच्याकडे बंगल्यांच्या मागे आहे. शेळ्या तिकडे सोडणं बंद.

---

ऐरोली_१०
मंगळवार, रात्री १०:४०

उंदराच्या औषधातही डी असतं असं ऐकलं. आमच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये पेस्ट कंट्रोलवाल्यांनी केक ठेवलेत.

---

गोठा_ते_गॅलरी
बुधवार, सकाळी ७:४५

परदेशात असतं, ०.०७५ टक्क्यांचं. आपल्याकडे सर्रास दिसतं ते झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडायोलोन. तिन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. ब्रोमाडायोलोनवर व्हिटॅमिन के चालतं, डीच्या विषावर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याकडून औषधाचं नाव लिहून घ्या आणि वेष्टन सोसायटीच्या ऑफिसात ठेवा.

---

सई_नेरुळ
गुरुवार, रात्री १०:१५

तांबू घरी आली.

कॅल्शियम १२.४, फॉस्फरस ६.२, क्रिएटिनिन २.१. अजून सगळं चांगलं नाही, पण रोज संध्याकाळी नेऊन सलाईन आणि रक्त असं ठरलंय. प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या आहेत. त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, सांगतील तशा कमी करायच्या. डॉक्टर म्हणाल्या, “आकडा उतरला म्हणून ढिले पडू नका. चरबीत साठलेलं आठवडेच्या आठवडे बाहेर येत राहील.” सलाईन थांबलं की कॅल्शियम पुन्हा चढू शकतं, म्हणून महिनाभर तरी तपासण्या.

सासूबाईंबद्दल सगळ्यांनी विचारलंत. त्या रोज सकाळी सातपासून एक काम करतात. स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं घेऊन तांबूचं पाणी मोजतात आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहितात. डॉक्टरांनीच सांगितलं, किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर गेलं की कळवा, म्हणजे तिला दीड लिटर. काल २ लिटर १००. आज १ लिटर ७००. मला म्हणाल्या, “माझ्या गुडघ्यासाठी तिचं मूत्रपिंड गेलं.” मी म्हटलं, पट्टी खाली ठेवलेली मला रोज दिसत होती, मीही उचलली नाही.

दूध बंद आहे हे तांबूला पटलेलं नाही. सकाळी दुधाची पिशवी फोडल्याचा आवाज आला की दारात येऊन बसते.

---

मनीमाऊ_वर्तकनगर
गुरुवार, रात्री १०:२५

डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना सांगा, ठाण्यात दोन मांजरं त्यांच्यामुळे सुरक्षित झाली.

---

औषधांचं_दुकान
शुक्रवार, दुपारी १२:००

एक सांगायचं होतं. आजच एक आजी आल्या, ६०,००० ची चार पाकिटं. विचारलं, घरात कुत्रा आहे का? म्हणाल्या, आहे ना, पग. मी पाकिटावर लाल पेनाने ‘वर ठेवा, कुत्र्यापासून दूर’ असं लिहून दिलं. त्यांनी विचारलं, का? मी तांबूची गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं.

---

सई_नेरुळ
तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ७:३०

उशिरा लिहितेय, माफ करा. मध्ये एकदा कॅल्शियम परत १३ वर गेलं, पुन्हा दोन दिवस वाशीला ठेवलं, पॅमिड्रोनेटचा दुसरा डोस झाला.

आजचे आकडे. कॅल्शियम ११.१, फॉस्फरस ४.८, क्रिएटिनिन १.९. मूत्रपिंडाचं थोडं नुकसान राहील असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. सोनोग्राफीत पांढरट रेघ दिसतेय. दर तीन महिन्यांनी तपासायचं आणि खाणं आयुष्यभर सांभाळायचं. वजन दीड किलो कमी झालंय. पण आज ती स्वतः पट्टा तोंडात धरून दाराशी आली. ज्वेलला अर्धी फेरी मारली आणि मग बसली. नवऱ्याने उचलून आणलं.

सासूबाईंची उरलेली औषधं आता लोखंडी कपाटात, किल्लीसकट. त्यांच्या वहीत आजची नोंद ९५० मिलिलिटर. पुढचं रक्त येत्या शनिवारी. आकडा आला की इथेच टाकते.